झेंडूच्या बाजूची रेघ

मैदान चोरीला जातं असं सांगितलं तर लोक हसतील. आमचं गेलं. अठ्ठेचाळीस वर्षांत, वीत वीत करून. आणि चोर मीच.

मखमलाबाद रस्त्यावरचं आमच्या गोदातीर फुटबॉल क्लबचं हे मैदान एक्कावन्न सालचं. एका अंगाला प्रेक्षकांच्या दगडी पायऱ्या, दुसऱ्या अंगाला नवसाबाईंचा झेंडूचा मळा. मधे कुंपण कधीच नव्हतं. फक्कीने रेघा मारायचं काम आधी माझ्या वडिलांचं, मग माझं. वडिलांची ताकीद एकच, "माळ्याच्या फुलावर पाय पडता कामा नाय." म्हणून मळ्याकडची रेघ दरवर्षी फुलांपासून वीतभर आत मारायची. रेघ आत सरकली की दोन-तीन वर्षांनी मळ्याची एक ओळ पुढे यायची. मग पुन्हा वीतभर आत. एवढं साधं गणित माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

नव्याण्णव साली जिल्हा संघटनेचं पत्र आलं. रविवारी टेप घेऊन माणूस येणार. रुंदी पंचेचाळीस मीटरच्या आत भरली तर इथले सामने बंद. सामने बंद म्हणजे ती नुसती मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेवर डोळा ठेवणाऱ्यांची नाशकात वानवा नव्हती. गुरुवारी मी मोजलं. त्रेचाळीस. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, जणू मोजून मोजून ते वाढणार होतं.

अन्न गोड लागेना. तीनदा बांधापर्यंत गेलो आणि हवापाण्याचं बोलून परतलो. मंगळवारी दसरा. सोमवारी तोड. आणि शनिवारीच चार ओळी मुळासकट उपटा, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? स्वतःचाच इतका राग आला की फक्कीचं घमेलं लाथेने उडवलं.

शनिवारी दुपारी मात्र गेलो आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

नवसामावशी शांतच. म्हणाल्या, "तुझ्या मैदानाची माती आमच्या झेंडूखाली हाय, ते मला ठावं नाय का? सासरे म्हनायचे, क्लबवाले मनाचे लय मोठे, दरसाल जागा सोडत्यात. नाय घेतली तर त्यांना वाईट वाटंल."

"अहो मावशी, आम्ही फुलं वाचवत होतो!"

"अन् आम्ही तुमचा मान राखत व्हतो."

हसावं की कपाळ बडवावं कळेना. त्यांनी पदर खोचला आणि पहिलं झाड स्वतः उपटलं. अर्धवट उमललेल्या कळ्यांचं, दोन दिवसांनी दारोदारी तोरणात गेलं असतं असं. मीही वाकलो. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"रडतो काय? उपट!"

रविवारी टेप लागली. पंचेचाळीस मीटर आणि वर चार बोटं. सही झाली.

दसऱ्याला दुपारी सामना. सकाळी रेघ मारत मळ्याच्या कडेने गेलो. तोडीतून उरलेली फुलं वाऱ्याने मैदानाकडे झुकलेली. टोकाला पोचून मागे पाहिलं, तर अख्खी रेघ वीतभर आत.

बांधावर तोरण ओवत बसलेल्या मावशी कडाडल्या, "केरू, पूस ती रेघ!"

पायाने पुसली. पुन्हा मारली, फुलांना अगदी लागून.

दुपारी पहिलाच चेंडू झेंडूत गेला. सगळे खेळाडू रेघेवर थबकून उभे राहिले. मावशी आत शिरल्या आणि चेंडू उचलून त्यांनी तो मैदानात फेकला.