फुंकरबाबांचा आरसा

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: केस कापायचं छोटंसं दुकान, दारापर्यंत दाटलेली माणसं, आणि मधल्या फिरत्या खुर्चीत दुकानदाराचीच सतरा वर्षांची मुलगी, ताई. महिनाभर तिला झोप नाही, जेवण नाही. "मला जगायचंच नाही," एवढंच म्हणायची.

भूतबाधा उतरवायला बोलावलेल्या फुंकरबाबांनी आपला आरसा पुढे धरला. ताईनं त्यावर तोंडानं वाफ सोडली आणि वाफेत दोन वेण्यांचा चेहरा उमटला.

"माझी बहीण," वडील पुटपुटले. ताईच्या या आत्यानं तरुणपणीच आपला जीव घेतला होता.

"आत्या हिच्यात मुक्कामाला आलीय," बाबा म्हणाले. "गोळ्यांचा वास तिला सोसत नाही. डॉक्टर बंद, आरसा चालू."

कोपऱ्यात ताईच्या धाकट्या बहिणीचा जळफळाट चालला होता. त्या खुर्चीत तिला कधी बसू दिलं नव्हतं. आई ताईची, वडील ताईचे, आता आत्यासुद्धा ताईचीच! बाबा चहाला वळताच तिनं आरसा उचलला, कपड्यानं वाफ टिपली आणि तोंड उघडून "हाऽऽ" केलं. दोन वेण्या हजर.

"माझ्यातही आत्या आहे," ती ऐटीत म्हणाली.

ताई तपासणीला आली नाही म्हणून डॉक्टरीणबाई नुकत्याच दारात आल्या होत्या. त्यांनी आरसा घेतला, स्वतः वाफ सोडली. पुन्हा वेण्या.

"मी तर तुमच्या नात्यातलीही नाही," त्या वडिलांना म्हणाल्या. "गरम पाण्यानं तुमचे आरसे धुरकटू नयेत म्हणून रोज काय चोळता?"

"साबण." वडिलांचा चेहरा उतरला.

साबण लावला तिथं वाफ धरत नाही. साबणाच्या बोटानं आधीच चित्र काढलं, कोरडं पुसलं, की झाली आत्या. बाबांनी झोळी आवरली.

"पण मला खरंच मरावंसं वाटतं," ताई हळूच म्हणाली.

"ते खरंच आहे," डॉक्टरीणबाई तिच्याजवळ टेकल्या. "सांगितलंस ते बरं केलंस. मेंदूही शरीराचाच भाग. झोप बिघडते, मेंदूतल्या रसायनांचा तोल जातो, तसं मन अंधारतं. घरात कुणी असं गेलं असेल तर धोका थोडा वाढतो. पण तो धोका आहे, विधिलिखित नाही. उपचार, बोलणं आणि सोबत यांनी तो कमी होतो. आत्याला हे मिळालं नाही, तुला मिळेल." त्या वडिलांकडे वळल्या. "दादा, हिला बरं वाटेपर्यंत एकटं सोडू नका."

मुलांनो, कुणाचं मन असं अंधारलं तर आरसा दाखवू नका; त्याचं ऐका आणि त्याला डॉक्टरांकडे न्या.

धाकटी अजून फुरंगटलेलीच होती. ती खुर्चीपाशी गेली.

"सरक," ती म्हणाली, आणि त्याच खुर्चीत ताईला बिलगून बसली. "दवाखान्यात मीपण येणार."