जवळचा रस्ता

"हा एकच लाल का झाला?" धुलाई कंपनीच्या व्यवस्थापकांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट केलं, आणि नकाशावालीने माऊसवरचा हात काढून घेतला.

पडद्यावर शहराचा नकाशा होता आणि त्यावर हिरवे ठिपके मुंग्यांसारखे सरकत होते. एकेक ठिपका म्हणजे कंपनीची एकेक गाडी. इस्पितळांतल्या चादरी, हॉटेलांतले टॉवेल गोळा करायचे, धुऊन परत पोचवायचे, हे त्या गाड्यांचं काम. ठरलेली जागा सोडून एखादी गाडी दुसरीकडे रेंगाळली, की तिचा ठिपका लाल व्हायचा. ही सगळी करामत तिचीच. दुसऱ्यांनी बनवलेला नकाशा आपल्या ॲपच्या चौकटीत आणून बसवायचा, हे ऐकायला सोपं. पण पान सरकवायला जावं तर आतला नकाशाच सरकायचा, आणि नकाशा मोठा करायला जावं तर अख्खं पानच फुगायचं. असल्या खोड्या मोडता मोडता ती ऑफिसात 'नकाशावाली' होऊन बसली होती. तिचं खरं नाव आता फक्त पगाराच्या दिवशी कोणीतरी वाचायचं.

"दाबून दाखव ना," शेजारून तिचे साहेब म्हणाले. "कागदपत्रंही उघडतात बघा. काही डाउनलोड करायला नको, इथल्या इथे."

ती दाबेना, तेव्हा साहेबांनीच माऊस ओढून घेतला आणि लाल ठिपक्यावर क्लिक केलं. बाजूची चौकट उघडली. त्यात चालकाचा परवाना आला. आधी आडवा, मग तिने प्रोग्राममध्ये लिहून ठेवल्याप्रमाणे शहाण्यासारखा सरळ झाला. परवान्यावरचा फोटो हाताएवढा मोठा होऊन भिंतीवर उभा राहिला.

तिचा दादा. दाट मिशांचा, लग्नाआधीचा, फोटोवाल्याच्या कुठल्यातरी विनोदावर हसू दाबत असलेला.

आपला सख्खा भाऊ याच कंपनीत गाडी चालवतो, हे तिने ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं तिला वाटलं होतं. आणि दादालाही तिने नीटसं सांगितलं नव्हतं. चालकांना नवे फोन वाटले तेव्हा तो म्हणाला होता, "हे कशाला गं?" तेव्हा ती म्हणाली होती, "पत्ता शोधायला." खोटं नव्हतं, अर्धं होतं; गाडीचा ठिपका त्याच फोनवरून हलायचा.

"हा तर आमचा एकदम गरीब माणूस," व्यवस्थापक म्हणाले. "याच्याबद्दल कधी तक्रार नाही. इथे काय करतोय? रोज थांबतो की काय? मागचे दिवस बघता येतात ना?"

येत होते. तेही तिनेच करून ठेवलं होतं. ठिपका ज्या रस्त्यावर थांबला होता, तिथे एक शाळा आहे, हे तिला नकाशा न वाचताच कळलं होतं. ती दादाच्या मुलीची शाळा होती. दादाचं लग्न मोडलं तेव्हा वहिनी चिमीला घेऊन त्या भागात राहायला गेली होती, आणि दादा दोन पिशव्या घेऊन बहिणीकडे आला होता. महिन्यातून एकदा भेट ठरली होती. पण प्रत्येक भेटीनंतर चिमी दोन-दोन दिवस जेवत नसे. शेवटी वहिनीने फोन केला, "भेट थोडे दिवस राहू दे का?" दादा म्हणाला, "राहू दे." ते थोडे दिवस अजून संपले नव्हते.

"चूक आहे ती," ती म्हणाली. आवाज जरा वरच लागला. "गाडी केव्हाच पुढे गेली असेल. ठिपका अडकलाय. अजून कच्चं आहे."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भर बैठकीत ताट लाथाडलं होतं.

"म्हणजे यावर भरवसा ठेवायचा की नाही?" व्यवस्थापकांनी विचारलं.

त्यांचं लक्ष तिथून हलवायला हवं होतं. फोटो अजून भिंतीवर हसत होता. तिने माऊस परत घेतला, चौकट मिटली आणि सुचेल ते दाखवत सुटली. "यापेक्षा हे बघा ना. हे आम्ही अजून सांगितलंच नव्हतं. आजची सगळी ठिकाणं दिली, की कोणी कुठून जायचं ते नकाशाच ठरवतो. सगळ्यात जवळचा रस्ता." तिने बटण दाबलं. नकाशावर निळ्या रेघा भराभर उमटल्या. व्यवस्थापक खुर्चीतून पुढे झुकले.

"अरे वा! हे आधी का नाही दाखवलंत?"

लाल ठिपका सगळेच विसरले. तिने टेबलाखाली तळहात पुसले.

बैठकीनंतर साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "आपल्याच मालाला आपणच नावं ठेवायची? ठिपका अडकतो म्हणे! कधीपासून अडकतो?"

"बघते."

"बघ. आणि ते रस्त्याचं आधी लाव. भाळलेत ते त्याच्यावर."

त्या दिवशी तिचं कशात लक्ष लागेना. न बिघडलेली गोष्ट दुरुस्त कशी करायची? पेनाचं टोपण काढ-घाल करत ती पुन्हा पुन्हा नकाशा उघडी, दादाचा ठिपका शोधी, मिटून टाकी. आतापर्यंत तो ठिपका नुसता ठिपका होता. आता तो वळला की तिला वाटे, दादा डावीकडे बघतोय. हळू झाला की वाटे, पाठ दुखत असेल.

संध्याकाळी दादा जेवायला बसला तेव्हा तिने पाणी ठेवता ठेवताच विचारलं, "शाळेपाशी थांबतोस?"

दादाचा घास हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"नकाशा."

"तुझा?"

"माझाच."

त्याने घास परत ताटात ठेवला. मग हसला. "म्हणजे फोन पत्ता शोधायला दिला, तो माझाच होय?"

"दादा, चेष्टा नको. आज सगळ्यांसमोर तुझा फोटो आला भिंतीवर. नोकरी गेली असती."

"कुठला फोटो?"

"परवान्यावरचा."

"मिशीवाला? बरा आहे की तो." मग त्याचा आवाज उतरला. "मधली सुट्टी होते त्या वेळेला माझी फेरी तिथूनच असते. मी मुद्दाम नाही जात. कुंपणाच्या अलीकडे गाडी लावतो. झोपाळ्याच्या रांगेत असते ती. आपली पाळी आली की दुसरीलाच बसवते आणि स्वतः झोके देत राहते. कुणावर गेलीय कोण जाणे."

"हाक नाही मारत?"

"हाक मारली तर येईल ना ती. आली, की तिला परत जावं लागेल." त्याने घास तोंडात घातला, पुष्कळ वेळ चावला. "ते मला झेपत नाही बघ."

ती उठून खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. "ऐक. मी त्या जागेभोवती एक गोल आखून टाकते. गोलात गाडी थांबली तर लाल होणार नाही. कोणाला पत्ताही लागायचा नाही."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीचे कोण?"

"अगं, आम्ही काय एक-दोन आहोत? एक जण दुपारी घरी डोकावतो, आईला औषध द्यायला. एकाला साखरेचा त्रास आहे, वेळेवर खाल्लं नाही तर हात थरथरतात त्याचे. त्यांची कुठे बहीण आहे तुझ्या ऑफिसात?"

"मला त्यांचं माहीत नाही. मला तुझं माहीत आहे."

"तेच तर नको ना," दादा म्हणाला. "उद्या कळलं, तर तुझंही जाईल आणि माझंही. आणि मी त्यांच्याबरोबर चहा कुठल्या तोंडाने पिऊ?"

तरी दुसऱ्या दिवशी तिने तो गोल आखला. शाळेभोवती, फिकट राखाडी. जेवायच्या सुट्टीपर्यंत ठेवला आणि पुसला. पुन्हा आखला, पुन्हा पुसला. शेवटी दादाचं म्हणणं डोक्यातून जाईना म्हणून तिने साहेबांना सुचवलं, की प्रत्येक चालकाला रोज एक थांबा स्वतःच्या मर्जीने निवडू द्यावा. कारण विचारू नये. साहेब चांगल्या मनाचे होते. त्यांनी तिच्यासमोरच व्यवस्थापकांना फोन लावला आणि फोन तिलाही ऐकू येईल असा ठेवला.

"कल्पना छान आहे," व्यवस्थापक म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. खरं सांगू का, ते लाल-हिरवं बाजूला राहू दे सध्या. गाडी घटकाभर थांबली म्हणून मी कोणाच्या पोटावर पाय देणारा माणूस नाही. मला तुमचे ते रस्ते पाहिजेत. सोमवारपासून."

साहेबांनी फोन ठेवला. म्हणजे त्या दिवशी खोटं बोलायची गरजच नव्हती. माणूस रागावणारा नव्हताच. आणि त्याचं लक्ष उडावं म्हणून तिने जे दाखवलं, तेच त्याला हवं होतं.

सोमवारी नकाशाने सगळ्या फेऱ्या नव्याने वाटल्या. दादाची निळी रेघ तिने सगळ्यात आधी उघडली. रेघ इस्पितळापाशी वळून नदीकडच्या नव्या रस्त्याला लागत होती आणि सरळ खाली जात होती. शाळेचा रस्ता तिच्यात नव्हता. त्या रस्त्यावर आता कोणाचीच रेघ नव्हती. तिने पुन्हा हिशेब करायला लावला. नकाशाने जरा विचार केल्यासारखं केलं आणि तीच रेघ काढली.

संध्याकाळी दादा रोजच्यापेक्षा लवकर घरी आला. हातपाय धुऊन बसला. मग उठला, स्वयंपाकघरातला गळका नळ घट्ट केला. तो गळायचा थांबला तरी पिळतच राहिला.

"दादा..."

"चांगला आहे गं तुझा नकाशा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "एकदाही चुकलो नाही."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. आठवडाभर तिला बसवेना, उभं राहवेना. शेवटी एका दुपारी साहेबांना डोकं दुखतंय असं सांगून ती ऑफिसातून निघाली, ती थेट त्या शाळेच्या कुंपणापाशी.

मधली सुट्टी चालू होती. मैदानात नुसता कलकलाट. चिमीला ती शोधत होती, तेवढ्यात चिमीनेच तिला पाहिलं. पोरगी उंच झाली होती, पुढचा एक दात नव्हता. ती धावत आली नाही. चालत आली आणि कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभी राहिली.

"आत्या, तू कशी काय?"

"सहज. इकडे काम होतं."

चिमीने तिच्या मागचा रिकामा रस्ता बघितला. "बाबाची गाडी बंद पडली का?"

आत्याने जाळी धरली. "तुला दिसायचा तो?"

"दिसायचा की. पांढरी गाडी. पण तो खाली वाकून लपायचा ना, म्हणून मी बघायचे नाही." ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. "आईला नाही सांगितलं मी."

"गाडी ठीक आहे. रस्ता बदललाय त्याचा."

"कुठून जातो आता?"

आत्याला तो रस्ता पाठ होता. तिने हात करून शाळेच्या मागची बाजू दाखवली. "तिकडून. त्या इमारतींच्या पलीकडून, नदीच्या बाजूने."

चिमी वळून बघू लागली. तिकडे शाळेची उंच भिंत होती, पाण्याची टाकी होती, आणि वर थोडं आभाळ.

"इथून नाही दिसत," ती म्हणाली.

"नाही दिसत. पण मी सांगते त्याला तुमच्या घरी यायला. तुझ्या आईशी बोलते. चालेल?"

चिमीने मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही. घंटा झाली. पोरं आरडाओरडा करत दाराकडे पळाली. चिमीने जाळीतून बोटं सोडवली. सरळ दाराकडे न जाता ती मैदानाला वळसा घालून पलीकडे गेली, आणि मागच्या भिंतीला हात लावत लावत, सावकाश, वर्गाकडे चालू लागली.