तारेपलीकडचं हरीण

"फोन खिशात टाक," बाबा म्हणाले. "वॉर्डनला बोलवायचं नाही."

"मग काय, इथं उभं राहून बघायचं?"

तारेच्या कुंपणापलीकडे, दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर, बाबांची गोळी लागलेलं हरीण बर्फात बसलं होतं. गोळी छातीच्या जरा मागे लागली आणि पडायच्या आत ते कुंपण ओलांडून गेलं. कुंपणावर पाटी होती : शिकार बंद, आत येऊ नये. शिकागोच्या कुणा बाईंनी ती जमीन घेतली होती.

बाबा, म्हणजे डेल कांगस, हिवाळाभर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतात. वॉर्डन, म्हणजे शिकारीच्या नियमांवर नजर ठेवणारा सरकारी माणूस, म्हटलं की त्यांचा जबडा आवळतो. परवाना फक्त नराचा असताना आजोबांनी एकदा चुकून मादी मारली आणि स्वतःच्या पायांनी जाऊन वॉर्डनला सांगितलं. इमान दाखवायला गेलेला माणूस बंदूक गमावून घरी आला. आमच्याकडे ही गोष्ट जेवणाआधीच्या प्रार्थनेइतकी पाठ आहे.

पण मी यंदा शाळेच्या वादविवाद संघाची कप्तान! बोलून सुटणार नाही असं जगात काही असतं, हे मला मान्यच नव्हतं. लावला फोन.

वॉर्डन ट्रॉय बोलियो आला. तरुण, थंडीनं नाक लालेलाल. बाबांनी आधीच बंदूक रिकामी करून झाडाला टेकवली होती.

"घ्या साहेब. न्यायचीच असेल तर न्या."

"डेलभाऊ, बंदूक कशाला नेऊ? हरीण काढायला आलोय मी." त्यानं पलीकडे पाहिलं. हरणानं मान वर केली, पुन्हा टाकली. ट्रॉय हळूच म्हणाला, "मालकिणीला विचारावं लागेल. त्याशिवाय आत जाता येत नाही."

बाई फोनवर आल्या. आवाज मऊ, अगदी आजीसारखा.

"तिथं कुणी मारू नये म्हणूनच मी ती जागा घेतली हो. त्याला शांतपणे जाऊ द्या."

"शांतपणे नाही जात आहे ते!" मी ट्रॉयच्या हातातल्या फोनवर जवळजवळ ओरडलेच. मग घसा साफ करून सगळं मांडलं. ते तडफडतंय, एका गोळीत सुटेल, मांस कुजून जाईल, बाबा आत पाऊल टाकणार नाहीत, हवं तर फक्त ट्रॉय जाईल. एकही मुद्दा सोडला नाही.

"किती छान बोलतेस गं तू," बाई म्हणाल्या. "पण नाही. माझ्या जागेत गोळी नको."

"तुमच्या या जागेपर्यंतच्या रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं माहितीय का? माझे..."

"ए वकिलीणबाई, पुरे!" बाबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "तो रस्ता काउंटीचा. त्याचा पगार घेतो मी."

फोन बंद झाला. ट्रॉयनं टोपी काढली, पुन्हा घातली. "तुमची चूक असती तर मला काहीतरी करता आलं असतं," तो म्हणाला. "दंड केला असता, सोडून दिलं असतं. इथं माझ्या हातात काहीच नाही."

मग आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो. कुणी कुणाला निघू या म्हणेना. हरणाची मान दर वेळी आधीपेक्षा कमी वर येत होती. शेवटी मान वर आलीच नाही. मी ट्रॉयकडे पाहिलं. त्यानं पुन्हा बाईंना फोन केला. निदान आता ओढून तरी आणू द्या, म्हणाला. तेव्हाही नाहीच.

"हरीण काही तुमच्या हाती आलं नाही," ट्रॉय बाबांना म्हणाला. "तुमच्या परवान्याचा टॅग कोराच आहे. हंगाम बाकी आहे. दुसरं मारा, माझी काही हरकत नाही."

बाबांनी हातमोजा दातांनी ओढून काढला. मारलेल्या एका हरणासाठी वर्षाला मिळणारा एकुलता एक टॅग कोटातून काढला, सुरी उघडली आणि आजच्या तारखेवर खाच पाडली. मग 'नर' लिहिलं होतं तिथं.

"बाबा, अहो, ते म्हणतायत ना..."

"मारलं मी. मग लागला माझा टॅग."

टॅगच्या भोकात त्यांनी दोरा ओवला, सवयीनं गाठीसाठी फासही केला. शिंगाला बांधतात तसा. आणि तो फास बोटात धरून ते तारेशी उभे राहिले.