दोन बोटं पट्टी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दारव्ह्यात जफर मिस्त्रीने कॅसेटची चुरगळलेली दोन बोटं पट्टी कात्रीने कापली, टोकाला टोक चिकटवलं आणि तुकडा खाली टाकून दिला. टेप दुरुस्तीची रीतच ती. गाण्यातून एवढं गेलं तरी कोणाच्या कानाला कळत नाही.

पण या कॅसेटवर गाणं नव्हतं, गेम होता. थोरल्या भावाने, आसिमने, सत्त्याऐंशी साली रबरी बटणांच्या कॉम्प्युटरवर तो स्वतः लिहिला होता. बंदूकवाला धरणाच्या भिंतीवरून धावायचा, समोरून राक्षस यायचे. सगळ्यात कुरूप राक्षसाला जफरचं नाव होतं. दुसरी प्रत नव्हती.

आसिम एकोणीस दिवस नागपूरच्या दवाखान्यात होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याने कोणालाच ओळखलं नव्हतं. काल त्याच्या मुलीने, मेहनाजने, फोन त्याच्या कानाशी धरला. इकडून जफरने या कॅसेटची किरकिर ऐकवली आणि आसिमची बोटं बटणं दाबल्यासारखी हलली. तेवढ्यात पट्टी टेपात अडकली. आज चार वाजता मेंदूचं ऑपरेशन होतं. तो शुद्धीवर येईलच, असं डॉक्टर म्हणत नव्हते. त्याआधी त्याला गेम दाखवायचा होता.

पावणेबाराला त्याने कॅसेट त्याच जुन्या कॉम्प्युटरला जोडून लावली. गेम उघडण्याआधी दिसणारे रंगीत पट्टे टीव्हीवर धावले आणि मध्येच थांबले. गाणं तुटलं तरी गाणंच राहतं. गेमला एक अक्षर गेलेलं चालत नाही.

जफर तुकडा शोधायला खाली वाकला. जमीन लख्ख होती.

"शबाना, इथला तुकडा कुठं हाय?" त्याने बायकोला हाक मारली.

"झाडला. तीस वर्सं तुमचा कचरा झाडून राह्यली, आज पयल्यांदा विचारून राह्यले!"

कचऱ्याच्या डब्यात सहा तुकडे निघाले. हात बसावा म्हणून सकाळी त्याने जुन्या कव्वालीच्या कॅसेटवर पाचदा कापून पाहिलं होतं. आता सगळेच चुरगळलेले, सगळे एकाच रंगाचे. एकेक जोडायचा, सात मिनिटं थांबायचं, नाही जमलं तर उलटवून पुन्हा.

साडेतीनपर्यंत चार तुकडे वाया गेले. व्हिडिओवर मेहनाज आली.

"चाचा, अब्बूले न्यायले आले."

"पाच मिनिट थांबव बेटा."

"मी कोनाकोनाले थांबवू?"

तीन बावन्नला पाचवा तुकडा, उलटवलेला, टेपात फिरत होता. पट्टे दर वेळी थांबायचे त्या जागेच्या पुढे गेले होते. जफरने फोन टीव्हीसमोर धरला. पलीकडे स्ट्रेचरची चाकं वाजत होती. गेम अजून उघडला नव्हता.