डावा तळहात

"आधी तो हात झाका," वीरुपाक्षअप्पा खालून ओरडले. "बाकीचं मग बघू."

शिडीवर चढलेल्या भागवतनं तोंडात धरलेली सुतळी काढली. "कोणता हात, अप्पा?"

"डावा."

भागवत हसला. गावात ऑनलाइन सेंटर त्याचंच. सातबारा, दाखले, विम्याचे अर्ज, सगळं त्याच्या एका टेबलावर व्हायचं. आज दुपारी मंत्री येणार होते, देशाचा सगळा कारभार फोनवर आणि अंगठ्यावर आणणारे मंत्री. ताडकळसपासून दीड कोसावरच्या या गावाला ते 'संपूर्ण डिजिटल गाव' म्हणून जाहीर करणार होते. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा फ्लेक्सचा बोर्ड लागत होता.

बोर्डाच्या एका बाजूला हात जोडलेले मंत्री होते. दुसऱ्या बाजूला अप्पांची बायको उमादेवी होती, जिवंत माणसाएवढीच मोठी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगावर हिरवं इरकल. मांडी घालून बसलेली. डाव्या तळहातावर अंगठा घ्यायचं यंत्र आणि त्यावर टेकलेला उजवा अंगठा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझा अंगठा, माझा देश.'

उमादेवीला जाऊन अकरा महिने झाले होते.

"भागवत, मी मस्करी करत न्हाई. उतरव ते."

"अप्पा, बोर्ड मुंबईहून आलाय. माझ्या हातात काय हाय? सरपंचाला बोला."

सरपंच भगवानराव मांडवात खुर्च्या लावून घेत होते. ते तिथूनच म्हणाले, "कामून उतरवायचा, अप्पा? काकूचा फोटो किती भारी आलाय. जिल्ह्यात सगळीकडं हाच लागलाय म्हनं. जित्या माणसाला एवढा मान मिळत न्हाई."

"जित्याला न्हाई मिळाला, हेच तर म्हनायलोय मी."

भगवानरावांनी खुर्ची पुसली.

तो फोटो निघाला तेव्हा अप्पा तिथंच होते. परभणीहून साहेब आले होते, सोबत फोटोवाला. उमादेवी ओसरीवर पूजेला बसली होती. लिंगायताच्या घरी गळ्यातलं लिंग पूजेला काढतात ते डाव्या तळहातावर घेतात. पूजा करणारा त्या हाताकडे बघत बसतो, बाकी कुठं बघत नाही. फोटोवाल्यानं तिला तशी पाहिली आणि म्हणाला, "आज्जी, अस्संच बसा. फक्त हातात हे धरा." उमादेवीनं लिंग घाईघाईनं परत डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली आणि यंत्र घेताना अप्पांकडे पाहिलं.

"ह्या हातावर कामून? हे खाली ठिवलं तर न्हाई चालनार का?"

"ठिव की," अप्पा म्हणाले होते. "एक मिन्टाचं काम. साहेब खोळंबलेत."

तिनं ठेवलं. यंत्र बंदच होतं. भागवत म्हणाला होता, फोटोच तर काढायचाय, चालू कशाला करायचं.

चालू केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. उमादेवी चाळीस वर्षं मठासाठी विभूती करत होती. गोवऱ्या जाळायच्या, राख फडक्यातून गाळायची, पाण्यात निवळायची, खालचा मऊ गाळ मळून गोळे वळायचे. प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबून खळगा करायचा म्हणजे तो आतून लवकर वाळतो. राखेनं तिची बोटं झिजली होती. हात लावला की नव्या साबणासारखी गुळगुळीत लागायची. अप्पांना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. बायकांचे हात असतात तसे असतील, असंच ते समजत होते.

कळलं ते दवाखान्यात. छातीत दुखायला लागलं म्हणून तिला मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. फुकट इलाजाचं कार्ड होतं. खिडकीतल्या मुलीनं यंत्र पुढं केलं. उमादेवीनं अंगठा लावला. लाल दिवा. फडक्यानं पुसून लावला. लाल दिवा. मुलगी म्हणाली, केसांत घासा, तेलकट झाला की यंत्र घेतं. केसांत घासला. दहाही बोटं लावून झाली. मुलगी वाईट नव्हती. तिच्या हातातही काही नव्हतं. यंत्र हो म्हणेपर्यंत कागद पुढं सरकत नव्हता. उद्या या, म्हणाले. उद्या पत्र आणा, म्हणाले. दोन दिवस उमादेवी व्हरांड्यातल्या बाकावर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी मागितलं. अप्पा पाणी घेऊन आले तोवर ती गेली होती.

लिंगायतांच्या रीतीनं तिला समाधीच्या खड्ड्यात बसवलं तेव्हा अप्पांनी स्वतः तिच्या डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं आणि बोटं मिटवली. तोच हात आता भिंतीवर उघडा होता आणि त्यावर ते यंत्र होतं.

"अप्पा, असं करा," भगवानराव जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. "मंत्रीसाहेबांसमोर अंगठा लावून दाखवायचा कार्यक्रम हाय. आमी झाडलोटीच्या छबूबाईला उभं करनार होतो, पर ती लय बडबड करती. काकूच्या जागी तुमी लावा. शोभून दिसंल. साहेब तुमच्या अंगावर शाल घालतील."

अप्पांनी आपला उजवा हात धोतराला पुसला. उमादेवी गेल्यापासून मठाची विभूती तेच करत होते. मठातले महाराज म्हणाले होते, आता बास करा. अप्पांनी ऐकलं नव्हतं. दुसरं काम तरी काय होतं? मागच्या महिन्यात ते पूर्ण्याला फोनचं नवं कार्ड घ्यायला गेले होते. दुकानदारानं त्यांचा अंगठा सात वेळा घेतला आणि म्हणाला, बाबा, तुमच्या अंगठ्यावर काहीच राहिलं नाही. ही गोष्ट अप्पांनी गावात कोणालाच सांगितली नव्हती.

"लावतो," ते म्हणाले. "पर एका बोलीवर. माझा अंगठा लागला तर बोर्ड ऱ्हाऊ द्या, जलमभर ऱ्हाऊ द्या. न्हाई लागला तर तुमी आपल्या हातानं उतरवायचा."

"लागंल हो! भागवतचं यंत्र नवं हाय."

"न्हाई लागला तर?"

"उतरवतो. बास? शब्द देतो," भगवानराव म्हणाले आणि फुलांचा टेम्पो आला म्हणून पळाले.

मंत्री एकला येणार होते, ते चारला आले. गाड्यांची धूळ बसायच्या आत ते मंचावर होते. बोलायला चांगले होते. आवाज चढवत नव्हते, घाम पुसत नव्हते. ते म्हणाले, आम्ही गावागावात तार नेली, फोन स्वस्त केला. आज तुमच्या आठवडी बाजारात कोथिंबीर विकणारी माउलीसुद्धा फोनवर पैसे घेते. यात काही खोटं नव्हतं. ताडकळसच्या बाजारात अप्पांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं ते म्हणाले, "देशाची डिजिटल अर्थव्यवस्था पाच वर्षांत दुप्पट करायची आहे. आता कोणाला साहेबाच्या दारात उभं राहावं लागत नाही. रांग संपली. तुमचा अंगठा हीच तुमची ओळख!"

टाळ्या पडल्या. अप्पांना व्हरांड्यातला बाक आठवला. त्याचा एक पाय आखूड होता. उमादेवी कुशीवर वळली की तो खडकन वाजायचा.

माइकवर त्यांचं नाव पुकारलं. ते मंचावर गेले. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. मंत्र्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघत विचारलं, "काकू कुठं आहेत? त्यांना नाही आणलं?"

भगवानरावांनी मंत्र्यांच्या कानाशी तोंड नेलं. मंत्र्यांनी मान हलवली. "अरेरे," ते म्हणाले. "पण त्या आपल्या बोर्डावर अमर झाल्या, काका. लावा अंगठा."

मागं मोठ्या पडद्यावर यंत्राचा फोटो दिसत होता. अप्पांनी अंगठा टेकवला. पडद्यावर लाल फुली आली.

"जोरात दाबा, अप्पा," भागवत कुजबुजला.

दुसरी फुली आली. भागवतनं ओल्या फडक्यानं त्यांचा अंगठा पुसला, जसा उमादेवीनं दवाखान्याच्या खिडकीपुढं पुसला होता. तिसरी फुली आली. मागून छबूबाईचा आवाज आला, "आगं बया! अप्पाला बी घेईना गं ते!" काही बायका हसल्या. मग हसायच्या थांबल्या. त्यातल्या कितीजणींचा अंगठा यंत्र घेत नव्हतं ते त्यांचं त्यांना माहीत होतं.

मंत्र्यांचं हसू तसंच होतं. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या मागचा पांढऱ्या शर्टातला माणूस भागवतजवळ जाऊन काहीतरी बोलला. पडदा काळा झाला. मग स्पीकरमधून एका बाईचा गोड आवाज आला, "आपली ओळख पटली आहे. धन्यवाद."

मंत्र्यांनी टाळी वाजवली. मग मंचानं वाजवली. मग मांडवानं.

अप्पांचा अंगठा तेव्हा यंत्रावर नव्हताच. तो त्यांनी मुठीत घेतला होता. ते माइककडे वळले, पण माइक दुसऱ्याच्या हातात गेला होता आणि राष्ट्रगीत सुरू झालं होतं. राष्ट्रगीताला अप्पा ताठ उभे राहिले. ते संपलं तेव्हा मंत्री मंचाच्या पायऱ्या उतरत होते.

गाड्या गेल्यावर अप्पांनी भगवानरावांना गाठलं.

"उतरवा बोर्ड."

"कामून? लागला की अंगठा. ओळख पटली म्हनून बोललं की यंत्र. सगळ्या गावानं ऐकलं."

"भगवानराव, तुमी माझ्या शेजारी उभे होता."

"मी काय बघितलं त्याला आता कोन पुसतंय, अप्पा?" भगवानरावांनी डोक्याचा फेटा काढून काखेत धरला. दमलेले दिसत होते. "गाव डिजिटल झालं. लिहून गेलं. बोर्ड दिवाळीपातूर ठिवायचा हुकूम हाय. उतरवला तर मला बी नोटीस येती. तुमी घरी जा."

"शब्द दिला होता तुमी."

"दिला होता. हाव. दिला होता."

एवढं बोलून ते मांडववाल्याकडे गेले. भागवत वायर गुंडाळत होता. त्यानं अप्पांकडे पाहिलं नाही. अप्पांनी शाल घडी घालून मंचाच्या पायरीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांनी देवळीतला पत्र्याचा डबा उघडला. त्यात उमादेवीच्या हातचे शेवटचे विभूतीचे गोळे होते. एकेक करून अकरा महिन्यांत संपले होते, आता एकच उरला होता. त्यावर तिच्या अंगठ्याचा खळगा होता. रेघ नाही, काही नाही, नुसता गुळगुळीत खळगा. अप्पांनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. तो नीट बसला. बराच वेळ त्यांनी काढला नाही.

मग त्यांनी पितळी वाटीत पाणी घेतलं आणि गोळा त्यात सोडला. आधी खळगा विरघळला, मग गोळा.

ग्रामपंचायतीपुढं छबूबाई कालची पानं आणि कागदी पेले झाडत होती. अप्पांना वाटी घेऊन आलेलं पाहून तिनं कमरेवर हात ठेवला.

"काय करायलाव, अप्पा? सरपंच बोंबलंल."

"बोंबलू दे."

बोर्डाची खालची कड गुडघ्याशी होती. उमादेवीचा हात अप्पांच्या छातीसमोर आला. त्यांनी तीन बोटं वाटीत बुडवली आणि यंत्रावर फिरवली. आधी त्याची तांबडी काच गेली. मग कडा गेल्या, वायर गेली. फ्लेक्स गुळगुळीत होता, विभूती धरत नव्हता. म्हणून त्यांनी थर घट्ट केला आणि पुन्हा दिला. अंगठ्याजवळ आल्यावर ते एका बोटानं लिंपू लागले, म्हणजे तिच्या बोटांवर काही जाऊ नये.

छबूबाई झाडू टेकवून जवळ आली. ती बराच वेळ बघत राहिली.

"वैनी पूजेला बसल्यावानी दिसायल्यात," ती म्हणाली. मग शेजारच्या मंत्र्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघून तिनं विचारलं, "ह्याचं तोंड बी लिंपू का? वाटीत उरलंय बगा."

"नगं," अप्पा म्हणाले. "ते उघडंच ऱ्हाऊ दे. बघू दे त्याला."

छबूबाई परत झाडायला गेली. शाळेच्या मागून ऊन वर आलं आणि भिंतीवर पडलं. विभूती ओली असताना मातकट दिसते, वाळली की पांढरी होते. रिकामी वाटी घेऊन अप्पा ती वाळेपर्यंत तिथंच उभे राहिले.