कोरडं जाकीट

"पाय जुळवा. गुडघे सैल सोडा. हनुवटी छातीले. अन् खाली पाहू नका रे, जमीन काई पळून नाई जात!"

बहात्तरच्या उन्हाळ्यात तामसीच्या आजोळी देवाजीमामा कडब्याच्या गंजीखाली उभा राहून असा ओरडायचा, आणि आम्ही सगळी मामेभावंडं, मावसभावंडं वरून धपाधप उड्या मारायचो. बंगालची लढाई करून तो सुट्टीवर आला होता. विमानातून छत्री बांधून उतरणारा आमच्या भागातला तो एकटाच. माझी आई, रुक्माबाई, जात्यावर बसली की हटकून गायची:

सगळ्यांचे भाऊ येती, धूळवाटंनं बैलाच्या
माझा देवाजी उतरे, पदराखाली आभाळाच्या

मामा अंगणात बाजेवर असला की तेवढी ओवी ऐकून उठायचा नि शेताकडे निघून जायचा. आईला वाटायचं, लाजला.

लढाईबद्दल मामा कधी बोलला नाही. गंजीवरून उडी कशी मारायची ते शिकवलं, तेवढंच.

मी पुढे बेल्याच्या शाळेत शिवणाची बाई झाले. शहाण्णव साली त्या लढाईला पंचवीस वर्षं होत होती. गावच्या युवक मंडळानं ठरवलं की सोळा डिसेंबरला शाळेच्या मैदानावर छत्रीवाल्यांची उडी जशीच्या तशी करून दाखवायची. मंडळाचे अध्यक्ष केशवराव, जिनिंगवाले. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मनकर्णाबाई, कपडे तुमच्याकडे. असली दिसले पायजेत."

असली हा शब्द मी मनावर घेतला. तिथंच चुकलं.

दोन महिने मी त्यामागे वेड्यासारखी हिंडले. आदिलाबादच्या ग्रंथालयात जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे उपसले. फोटो काळेपांढरे, त्यावरून रंग कसा कळणार? नांदेडच्या एका निवृत्त सुभेदारांना पत्र लिहिलं. त्यांनी तीन पोस्टकार्डं भरून उत्तर धाडलं: टोपी लाल नव्हे, पिकल्या जांभळाच्या गरासारखी. बिल्ला डाव्या डोळ्यावर, कापड उजव्या कानाकडे ओढलेलं. पंखांचं चिन्ह उजव्या दंडावर, छातीवर मिरवायचं नाही. आणि उडी मारताना टोपी नसतेच बाई, लोखंडी टोप असतो. ती कार्डं मी शिवणयंत्राच्या खणात ठेवली. पंखांचं भरतकाम चार वेळा उसवलं, पाचव्यांदा जमलं.

ते घेऊन मंडळात गेले तर तिथं आदिलाबादहून कपडे येऊन पडलेले. लग्नाच्या बँडवाल्यांचे! खांद्यावर सोनेरी झालर, गळ्यात गोंडे, पाठीवर घामाचे पांढरे नकाशे. केशवरावांचा पुतण्या बाबाराव, नाटकातला शूरवीर, त्यातला एक घालून आरशापुढे उभा होता. छातीवर क्रीडास्पर्धेची पाच पदकं.

"बाबाराव, ही पदकं कशाची?"

"कबड्डीची, बाई. दुरून कोन वाचून राह्यलं?"

"पन सैनिक पदकं लावून विमानातून उडी मारत नाही."

"मग लोकायनं टाळ्या काऊन वाजवाव्या?"

सगळे हसले. मला त्या कपड्यांचा वास आला: अत्तर, घाम, लग्नाच्या पंगतीतलं शिळं तेल. पण केशवराव मवाळपणे म्हणाले, "तुमचंच खरं बाई. पन असली नमुना आना ना एक. तुमच्या मामापाशी असन. त्यायले आपन स्टेजवर बसवू, हार घालू. तुमच्या मोहल्ल्यातला मानूस आमच्या बरोबरीनं खुर्चीवर बसून राह्यला, अजून काय पायजे?"

ते वाक्य बोचलं. तरी गिळलं. मामाला हार मिळावा असं मलाही वाटत होतं.

तामसीला गेले तेव्हा मामा तुरीच्या शेंगा सोलत होता. लढाईतलं जाकीट मागताच त्याचे हात थांबले.

"फक्त मापासाठी, मामा. दोन दिवस."

"दोन दिवस. अन् कोनाच्या अंगात घालायचं नाई, मनकर्णे. तुझ्याबी नाई."

ट्रंकेतून त्यानं ते काढून दिलं. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जाड कापड, पंचवीस वर्षं कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं.

कपडा हातात आला की शिवणारणीला त्यातला माणूस दिसतो. घरी येऊन मी टेप लावला. बाही मामाच्या हातापेक्षा चार बोटं लांब. खांदे दोन बोटं जास्त रुंद. मामा अंगानं लहान. त्याचे सदरे मीच शिवते. शिलाई बघायला कॉलर उलटवली तर आत शाईनं लिहिलेला नंबर, फिका पण वाचता येईल असा. दर नोव्हेंबरात मामाच्या पेन्शनीसाठी हयातीचा फॉर्म मीच भरते. त्याचा नंबर मला तोंडपाठ.

हा तो नव्हता.

मी कॉलर पुन्हा होती तशी दुमडली. कुणाला काय सांगणार? मामाजवळ सन्मानाची एवढी एकच वस्तू. तीच दुसऱ्याची निघाली, तर स्टेजवर घालायचा हार कुणाच्या गळ्यात पडणार होता?

तालमीच्या दिवशी, पंधरा तारखेला, मी ते नमुना दाखवायला मैदानावर घेऊन गेले. नेलंच नसतं तर! केशवरावांनी हातातून घेऊन उलटंपालटं केलं आणि नाक मुरडलं.

"लढाईचं जाकीट अन् एक डाग नाई?"

"ते मामाचं आहे. परत द्यायचंय."

"देऊ ना! मान तर त्यायचाच आहे."

पोरींच्या कवायतीसाठी मला वर्गाकडे बोलावणं आलं. मी गेले. जाकीट त्यांच्या हातात ठेवून गेले, हे मी कितीही धुतलं तरी निघायचं नाही.

परतले तो बाबाराव मैदानाच्या मधोमध पडून मरत होता. अंगात मामाचं जाकीट. छातीपासून पोटापर्यंत लालभडक, ओलं, चिकट. रविवारच्या मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं रक्त डबाभरून आणलेलं. बिटाचा रंग फिका दिसतो म्हणे. माशा घोंगावत होत्या. बाबाराव "भारतमाता" म्हणायचा, एक माशी ओठावर बसायची, तो थुंकायचा, आणि सगळे पोट धरून हसायचे. परत मरायचा. एकानं सुचवलं, आतडं पण आणायला पाहिजे होतं.

मी बाजूला जाऊन ओकले.

तोंड पुसून वळले तर फाटकाशी मामा उभा. केशवरावांनीच त्याला तालीम बघायला बोलावलं होतं. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा फेटा. हातात टोपी बांधलेलं फडकं. ती मी मापाला मागितलीही नव्हती, त्यानं आपण होऊन आणली होती.

"या, या, हवालदारसाहेब!" केशवराव हार घेऊन धावले. "कसं दिसून राह्यलं? एकदम असली ना?"

मामानं हाराकडे पाहिलंच नाही. तो बाबारावपाशी गेला. "काढ," एवढंच म्हणाला. बाबारावनं गुंड्या सोडताना काही विनोद करायचा प्रयत्न केला, पण मामाच्या तोंडाकडे बघून गप्प झाला.

जाकीट घेऊन मामा बोरिंगवर गेला. मी हापसू लागले. लाल पाणी दगडावरून वाहत शाळेच्या फुलझाडांत गेलं. मामा दोन्ही हातांनी चोळत होता, लहान लेकराचं अंग चोळावं तसा. केशवराव मागून म्हणाले, "निघून जाईन हो डाग, साबन आनतो. अन् शहिदाचंच रगत समजा ना, बकऱ्याचं असलं म्हनून काय झालं?"

त्या माणसाची मला इतकी शिसारी आली की हात दांड्यावरच थांबला. मग कळलं, शिसारीत माझाही वाटा होता. पंखांचे टाके मोजणारी मी, आणि जाकीट मात्र हातातून सोडून दिलं.

"मामा," मी हळूच म्हणाले, "कॉलरीतला नंबर तुमचा नाही."

चोळणारे हात थांबले. मंडळाची सगळी माणसं आता भोवती गोळा झाली होती. मला वाटलं, मामा उठून जाईल, अंगणातून उठून जायचा तसा. पण तो ओल्या जाकिटावर हात ठेवून बसून राहिला.

"धोंडीबाचा हाय," तो म्हणाला. "साताऱ्याकडचा. मी छत्रीनं तळ्यात उतरलो, सगळा वला. थंडी अशी की दात वाजून राह्यले होते. तो काठावर पडेल होता, मांडी फुटलेली. डाक्टर म्हने, सकाळ पाह्यत नाई. त्याचं जाकीट कोरडं होतं."

"मग तो गेल्यावर तुम्ही..." मी म्हणाले. मला तसंच ऐकायचं होतं.

मामानं मान हलवली.

"मांडीचं रगत कपड्यातून चढत होतं वर. जाकिटाले लागलं तर काय कामाचं, म्हनून आधीच काढलं म्या. जित्ता होता तो, मनकर्णे. माह्या मनगटाले धरून म्हनत होता, देवा, थंडी वाजते रे, राहू दे. म्या त्याची बोटं एक एक करून सोडवली."