गिरिजाचा डावा तळहात

माझी बायको गिरिजा गेली ते मला तुळजापूरच्या स्टँडवर कळलं. मी सोलापूरच्या दवाखान्यातून येरमाळ्याला परत येत होतो. कपाळभर कुंकू लावलेली माणसं एसटीत चढत होती. त्या गोंगाटात सुनेचा, शुभांगीचा फोन आला. "मामा, कुठपत्तूर आलाव?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. शेजारच्या बाईनं मला खिडकीची जागा दिली. पुढचा रस्ता आठवत नाही.

मी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारायला गेलो होतो. गिरिजाच्या गोळ्या थोडे दिवस बंद ठेवल्या तर चालेल का.

तिच्या छातीतल्या गाठीचा कॅन्सर फुप्फुसात गेला होता. सलाईनमधला मोठा केमो तिला झेपला नसता, म्हणून डॉक्टरांनी रोज घरी घ्यायच्या कमी डोसाच्या केमोच्या गोळ्या दिल्या. आजार जाणार नाही, पण काही काळ थोपवता येईल, हे त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. केस गेले नाहीत, उलट्याही फारशा नाहीत. आम्हाला वाटलं, निभलं. आमच्या किराणा दुकानात येणाऱ्या बायका तिच्याकडं बघून म्हणायच्या, "केस तर जाग्यावर हायत की. कसला आलाय कॅन्सर?"

माझी थोरली भावजय हरणाबाई तर तोंडावर म्हणाली, "गोळीचा केमो म्हंजी डोकं दुखल्यावर घ्यायची गोळीच की गं."

"मग आक्का, दोन तुमी बी घ्या," गिरिजा म्हणाली. "गुडघं तरी दुखायचं थांबतील."

पण ती थकत चालली होती. ज्वारी निवडता निवडता बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. तोंडात फोड आले, तिखट बंद झालं. भाकरी दुधात कुस्करून गिळायची. मग तळहात आणि तळपाय लाल झाले. तव्याला हात लागल्यासारखी आग व्हायची. कातडी निघायला लागली, भेगा पडल्या. पायाचं तिनं मनावर घेतलं नाही. तिचा जीव डाव्या तळहातात अडकला होता.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी अंघोळ झाल्यावर डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि बघत बसायचं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं शेजारी बसून पूजा करत आलो. ज्याचं लिंग त्यानंच हातावर घ्यायचं. त्यामुळं तिच्या हाताला सोसेना तरी मला ते धरता येत नव्हतं.

तिला वाटलं, पूजेत काहीतरी चुकलं म्हणून हात फुटला. म्हणून ती जास्त वेळ बसायला लागली. जास्त पाणी, जास्त भस्म. भेगा आणखी चिघळल्या, लिंग हातावर ठरेना. मी म्हणालो, "खाली रुमाल धर."

"रुमालाची पूजा करू व्हय?"

पूजेतली चूक डॉक्टरला काय सांगायची, म्हणून दवाखान्यात ती तो हात मिटून बसायची. शेवटी मीच तिथल्या सिस्टरला फोन केला. त्यांनी सांगितलं, हे गोळ्यांमुळं होतं, पेशंटला घेऊन या. गिरिजाला प्रवास होण्यासारखा नव्हता. मी तिला कारण सांगितलं. तिनं मिटलेला हात उघडून बघितला.

"मग बंद करा गोळ्या."

"आन् आजार वाढला तर?"

"वाढू द्या. हात रिकामा ठिवून किती जगायचं? तुमी जाऊन इचारा. मी बंद केल्या आन् डॉक्टरला इचारलं बी न्हाय, असं नगं."

डॉक्टरांना मी मोबाईलवर काढलेला तळहाताचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "डोस कमी आहे म्हणजे त्रास होतच नाही असं नसतं, काका. हे आधीच सांगायचं होतं. गोळ्या आजपासून थांबवा, हे मलम लावा. हात भरून येईल. मग पुढचं बघू." मी मलम घेतलं आणि एसटीत बसलो. तिला फोन केला नाही. म्हटलं, घरी जाऊनच सांगू.

ती दुपारी झोपेतच गेली होती.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. आमच्या मठाच्या पंचाक्षरी स्वामींनी तिचं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि वरून कापड आवळायला लागले. मी म्हणालो, "स्वामी, जरा हळू. त्या हाताला भेगा हायत." जमलेली माणसं माझ्याकडं बघायला लागली. स्वामींनी गाठ सोडली आणि पुन्हा सैल बांधली.

परवा दुकानात असताना सिस्टरचा फोन आला.

"काका, गोळ्या थांबवल्यावर हाताला कसं आहे?"

"आता दुखत नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. मलम चालू ठेवा. सोमवारी त्यांना घेऊन येता का?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी हो म्हणून फोन ठेवला.

ती गेली, हे दवाखान्यात सांगायचं अजून राहिलं आहे.